शुक्रवारी दाखवायचं घर

१

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास केसरीनाथ तळ्यामागच्या आळीत शिरला आणि नेहमीच्या सवयीने तोंडाशी थांबला. घरपट्टी खात्यात बावीस वर्षं काढलेल्या या माणसाची एक रीत होती. कुठल्याही घराला टेप लावण्याआधी तो आळीत पाच मिनिटं डोळे मिटून नुसता उभा राही. घराच्या भिंती किती फूट हे टेप सांगते. त्या भिंतींत राहायला माणूस काय मोजेल, हे नाक आणि कान सांगतात, असं त्याचं म्हणणं.

आज कानांना काहीच लागलं नाही. चिमण्या, एका घरातून येणारा भाकरी थापल्याचा आवाज, लांबून कोन गावच्या रस्त्यावरचा ट्रक. आळीच्या पाठीला चोवीस लूमची, यंत्रमागांची, शेड होती. पण शुक्रवारी वीज नाही म्हणून लूम बंद.

आळीत एकटी राहणाऱ्या ठकुबाईने घरपट्टीच्या अर्जात नेमकं हेच लिहून घेतलं होतं. 'साहेबांनी पाहणीस शुक्रवार सोडून यावे.' केसरीनाथने तिला गुरुवार दुपारी तीनची वेळ दिली होती. गुरुवारी कचेरीत अचानक बैठक निघाली, आणि तो आज आला होता.

बाजूच्या ओटीवर तिचा शेजारी बाळाराम एका वयस्क जोडप्याला आपलं विकायचं घर दाखवत होता. केसरीनाथला बघून त्याने लांबूनच हात जोडले.

ठकुबाईचं दार उघडंच होतं. दोनदा हाक मारली, उत्तर नाही. ओटीवर तिचा खलबत्ता होता. खलात अर्धवट कुटलेली सुपारी, पान वाळून काळं पडलेलं. दात गेल्यापासून म्हातारी पान कुटून खायची. केसरीनाथ घरातून मागच्या अंगणात गेला. विहिरीच्या कठड्यावरून एक नवा काथ्याचा दोर आत लोंबत होता.

त्याने खाली वाकून पाहिलं. पाण्यावर एक बादली तरंगत होती, आणि बादलीशेजारी हिरव्या लुगड्याचा फुगलेला पदर.

२

जमादार दुपारपर्यंत पंचनामा उरकून बसला होता. सत्तरीची बाई, पाणी काढताना तोल गेला, सरळ प्रकरण. प्रेतावर पाहण्यासारखं काही नव्हतं, फक्त उजव्या दंडावर काळे वळ. ते कठड्याला लागून पडले असतील, असं त्याने लिहिलं.

"जमादार," केसरीनाथ म्हणाला, "ठकुबाई या विहिरीचं पाणी काढत नव्हती."

"तुम्हाला काय माहीत?"

"माझ्या टेबलावर तिचा अर्ज आहे. शेडच्या गटाराचं पाणी झिरपून आळीतल्या सगळ्या विहिरी बाद झाल्यात. वर्षभर ती नाक्यावरच्या नळावरून हंडा आणत होती. ही बादली बघा. कोरी आहे. तिच्या घरात बादलीच नव्हती."

वर आणलेली बादली दोघांनी पाहिली. कडीला दोर बांधताना मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता, दोर कापू नये म्हणून. नीटनेटक्या माणसाचं काम होतं ते.

जमादाराने टोपी काढून डोकं खाजवलं. "मग अर्ज कशाबद्दल होता?"

"घरपट्टी कमी करा म्हणून. लूमचा आवाज, पाण्याला वास, भिंतींना तडे. पाहणी करून मी 'राहण्यास अयोग्य' असा शेरा मारला असता, तर तो तिच्या एकटीच्या घराला लागला नसता. सगळ्या आळीला लागला असता. खरेदी करणारा माणूस कचेरीत उतारा काढायला आला की पहिला तोच शेरा वाचणार."

"म्हणजे म्हातारी साऱ्या आळीच्या घरांचा भाव पाडत होती."

केसरीनाथने मान हलवली. बोलताना त्याला एक गोष्ट आठवली. गुरुवारी दोन वाजता बाळाराम कचेरीत आला होता. अदबीने विचारत होता, 'साहेब, आज आमच्याकडे येणार होतात ना?' आणि केसरीनाथ कागदातून डोकं वर न काढता म्हणाला होता, 'आज नाही जमत. उद्या येतो.'

बाळाराम किती मोकळेपणाने हसला होता!

३

आळीत घरं सहा. केसरीनाथ आणि जमादार दारोदार फिरले. प्रश्न एकच होता, गुरुवारी दुपारी काय पाहिलं, काय ऐकलं?

बाळाराम चाळिशीचा, इस्त्रीचा सदरा घातलेला. त्याने दोघांना खुर्च्या दिल्या. "काकी गेली, फार वाईट झालं. मी कचेरीतून अडीचला घरी आलो. तीन वाजता कुंपणावरून तिला हाक मारली, एक नाही, चार. पण लूमची धडधड, साहेब. माझा मलाच आवाज आयकू येईना. मंग मी तीन पस्तीसची बस पकडून कोनला गेलो, घर घेणाऱ्या मास्तरांना निरोप द्यायला."

ठकुबाईचा पुतण्या दामू कोनला भात लावतो. तो धावत आला होता, पायांना चिखल तसाच होता. घर आता त्याचं होणार होतं. "गुरवारी दिसभर मी शेतान होतो. धा मानसं सांगतील," तो म्हणाला, आणि खरोखरच दहा माणसांनी ते सांगितलं.

समोरच्या घरातली आक्का दारातच उभी राहिली. पाठीमागे तिची सून गोदू, कडेवर मूल.

"आमी काय आयकनार? लूम चालू होते," आक्का म्हणाली.

शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्याने हेच सांगितलं. मधल्या दोन घरांतल्या दोघा भावांनीही. लूम चालू होते. शब्द तेच, आणि ते सांगताना नजर जमिनीवर.

फक्त गोदू सासूच्या खांद्याआडून पटकन बोलून गेली, "ती सुपारी कुटीत होती. मी आयकला. मंग मधीच थांबली."

"किती वाजता?" केसरीनाथने विचारलं.

"तीनच्या थोडा आधी. पोराला झोपवीत होते."

जमादार हसला. "अगं, चोवीस लूम चालू असताना समोरच्या घरातली सुपारी ऐकू आली तुला?"

आक्काने मागे वळून सुनेकडे पाहिलं. गोदूचा चेहरा पांढरा पडला.

"न्हाय, साहेब," ती म्हणाली. "भास झाला आसंल."

दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज शुक्रवारच्या शांततेत स्वच्छ ऐकू आला. केसरीनाथ त्या दाराकडे बघत राहिला. खलात अर्धवट कुटलेली सुपारी त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि ती गोष्ट आळीतल्या कुणालाही सांगितली नव्हती.

४

घर घ्यायला आलेले दौलत मास्तर अंबाडीकडच्या शाळेतून निवृत्त झालेले. कोनला मेहुण्याकडे उतरले होते. केसरीनाथ संध्याकाळी त्यांना भेटला, तेव्हा त्यांची बायको आत पडून होती.

"हिचं हृदय अशक्त आहे," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, दवाखाना जवळ असावा आणि जागा शांत असावी. भिवंडीत शांत जागा कुठून मिळणार? सात घरं बघितली. मग बाळारामचं घर मिळालं. इतरांपेक्षा भाव बराच चढा सांगितला, पण मी घासाघीस केली नाही. शांततेचे पैसे आहेत म्हटलं ते."

"किती वेळा गेलात?"

"तीनदा."

"वार कोणता होता, मास्तर?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. "शुक्रवार. तिन्ही वेळा शुक्रवार. तेच म्हणायचे की शुक्रवारी मोकळा असतो." केसरीनाथने वही मिटली. मास्तर त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, आणि हळूहळू त्यांच्या हातातली सुपारीची डबी खाली आली. "बाकीच्या दिवशी काय असतं तिथं?"

"ते उद्या स्वतःच या आणि ऐका. मला एवढं सांगा, बाळारामने विहीर दाखवली होती?"

"दाखवली ना. मागच्या शुक्रवारी स्वतः पाणी काढून दिलं. निवळशंख होतं."

गटार एक दिवस बंद राहिलं की वरचं पाणी निवळतं, हे केसरीनाथला ठाऊक होतं. "बादली कशी होती?"

"नवी कोरी. कडीला ट्यूब गुंडाळली होती, दोर कापू नये म्हणून. मला ती युक्ती आवडली. हिला पण दाखवली मी."

"आणि आज सकाळी?"

"आज रहाट रिकामा होता. म्हणाले, बादली विहिरीत पडली." मास्तर थांबले. "त्यांच्या विहिरीत पडली, असं मी समजलो."

केसरीनाथ उठला. बादली बाळारामची होती, आता त्यात शंका नव्हती. पण बादली उसनीही दिली जाते, आणि चांगला वकील ते दहा मिनिटांत सिद्ध करील. बाळाराम ठकुबाईच्या अंगणात कधी गेला, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. आणि सगळी आळी तर एकच वाक्य म्हणत होती.

५

शनिवारी सकाळी आळीत पाऊल टाकताच केसरीनाथच्या छातीत लूम धडधडू लागले. भिंतीला हात लावला तर भिंत थरथरत होती. गोदूच्या दाराशी माणूस येऊन उभा राहिला, तरी त्याचे नुसते ओठ हलताना दिसत.

शेडचा मालक अनंताशेठ वैतागलेला होता. "माझ्यावर संशय घेताय ना? म्हातारी माझ्या गटाराविरुद्ध बोंबलत होती म्हणून?"

"घेत होतो," केसरीनाथ त्याच्या कानाशी ओरडला. "पण तिचा अर्ज मंजूर झाला असता तर तुमचाच फायदा होता. आळीचा भाव पडला असता, आणि शेड वाढवायला हीच घरं तुम्हाला निम्म्या भावात मिळाली असती. तुम्ही तिला कशाला माराल?"

अनंताशेठने खांदे उडवले. नाकारावं असं त्यात काही नव्हतं.

शेडच्या कोपऱ्यात एक विणकर उतरवलेल्या कापडाची घडी घालता घालता मुकादमाशी भांडत होता. रहमत त्याचं नाव, उत्तरेकडच्या मऊ गावचा. त्याने केसरीनाथलाच साक्षीला धरलं. "देखिए बाबूजी! कपड़े में लकीर पड़ गई, तो मेरी मजूरी काटते हैं. इसमें मेरा क्या कसूर?"

कापडात या कडेपासून त्या कडेपर्यंत एक बारीक आडवी रेघ होती. लूम मधेच थांबून परत सुरू झाला की अशी रेघ पडते, हे केसरीनाथला माहीत होतं.

"तुझा एकट्याचाच लूम थांबला?"

"मेरा अकेला? चौबीसों में लकीर है, देख लीजिए! जुम्मेरात को लाइट गई थी. पौने तीन से साढ़े तीन तक. हम सब बाहर नाके पर चाय पीने चले गए थे."

केसरीनाथने दुसरं कापड उलगडलं. मग तिसरं, मग पाचवं. प्रत्येकात ती रेघ होती.

गुरुवारी पावणेतीन ते साडेतीन आळीत एकही लूम चालू नव्हता. शुक्रवारसारखी शांतता होती. गोदूला सुपारी ऐकू आली, ती खरीच. आणि 'लूम चालू होते' म्हणणारा प्रत्येक माणूस खोटं बोलला होता.

केसरीनाथ त्या कापडाच्या ढिगाऱ्यावर बसला. एका माणसाने खोटं बोलावं, ते समजण्यासारखं होतं. पण पाच घरांनी?

६

दुपारी त्याने सगळ्यांना बाळारामच्या ओटीवर जमवलं. बाळाराम, आक्का, गोदू, दोघे भाऊ, शेवटच्या घरातला म्हातारा. जमादार काठी टेकून उभा. दौलत मास्तर आले ते अंगणातच थांबले. दोन्ही कानांवर हात, आणि डोळ्यांत काय होतं ते बघवत नव्हतं. बाळाराम त्यांना काहीतरी समजावत होता. शब्द कुणालाच कळत नव्हते.

केसरीनाथने शेडच्या दिशेने हात वर केला. अनंताशेठने मेन स्विच खाली ओढला.

चोवीस लूम एकदम थांबले. कान कुणीतरी रिकामे केल्यासारखं झालं.

"जमादार, ठकुबाईच्या ओटीवर जा," केसरीनाथ साध्या आवाजात म्हणाला, "आणि तिच्या खलात बत्ता घाला."

जमादार गेला. टक्, टक्, टक्. प्रत्येक घाव प्रत्येकाला ऐकू आला. आक्काने पदर तोंडाशी नेला.

"गुरुवारी पावणेतीनला असेच लूम थांबले होते. लाइट गेली होती, अनंताशेठच्या चोवीस कापडांत त्याची खूण आहे. बाळाराम, तुम्ही तीन वाजता कुंपणावरून चार हाका मारल्या, आणि धडधडीत तुमचा तुम्हालाच आवाज ऐकू आला नाही. कुठली धडधड?"

बाळारामने ओठांवरून जीभ फिरवली. "येळ चुकली आसंल, साहेब. चारला मारल्या आसतील."

"तीन पस्तीसच्या बसमध्ये बसून चारला कोनला मास्तरांकडे होतात. मास्तर इथेच आहेत." केसरीनाथ पुढे सरकला. "मी सांगतो काय झालं ते. मी शुक्रवारी येणार, हे तुम्ही माझ्याकडूनच काढून घेतलंत. शुक्रवारी मला काय ऐकू येणार? पण ठकुबाई गप्प बसणार नव्हती. मला शनिवारी परत बोलावलं असतं, आणि मास्तरांना कुंपणावरून सगळं सांगितलं असतं. म्हणून तुम्ही तिला समजवायला गेलात. ती ऐकेना. ओरडली तरी कोण ऐकणार, लूम चालू आहेत, हा निघतानाचा तुमचा हिशोब. लूम मधेच थांबले, ती सुपारी कुटत राहिली, आणि तरीही तुम्ही तिला दंडाला धरून मागे ओढत नेलंत. एकदा हात घातल्यावर सोडायचा कसा, म्हणून विहिरीत लोटलंत. विहीर वापरात होती असं दिसावं म्हणून आपलीच बादली टाकलीत. मास्तरांना दाखवायला आणलेली."

"पुरावा काय?" बाळारामचा आवाज चिरकला. "कोनी बघितला? आक्के, सांग ना! कोनी आयकला?"

केसरीनाथ एकेकाकडे बघत गेला. दोघे भाऊ पायांकडे बघत होते. म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला होता. मास्तरांच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता.

"मी आयकला," गोदू म्हणाली.

"गोदे!" आक्का किंचाळली.

"मी आयकला," ती परत म्हणाली, आणि आता थांबायला तयार नव्हती. "सुपारी थांबली. मंग काकी बोलली, 'बाळा, हात सोर माजा.' तीनदा बोलली. मंग माजं नाव घेतलं तिनं. 'गोदू, गो गोदू, दार उघर.' मी कडीला हात लावला व्हता. सासूनं माजा हात धरला. बोलली, आपल्याला पन घर इकायचा हाय."

बाळाराम खाली बसला. जमादाराने परत येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्याने वरही पाहिलं नाही. तो पुटपुटत राहिला, "मी काय तिला मारायला गेलो न्हवतो. फकस्त शनवारपर्यंत गप र्‍हा बोललो. फकस्त शनवारपर्यंत."

दौलत मास्तर आळीबाहेर निघून गेले. अर्ध्या वाटेत लूम परत सुरू झाले.

७

केसरीनाथने पाहणीचा शेरा लिहिला, तो ठकुबाईने मागितला होता तसाच. पुढच्या पावसाळ्यापूर्वी अनंताशेठने चार घरं घेतली, सांगेल त्या भावात. दामूनेही विकलं. आक्काचं घर शेवटचं गेलं, कारण ती किंमत वाढेल म्हणून थांबली होती.

गोदूच्या नवऱ्याने तिला साक्ष देऊ नको म्हणून बजावलं. तिने ऐकलं नाही, तेव्हा पोर ठेवून घेऊन तिला माहेरी धाडलं. खटल्याच्या दिवशी ती एकटीच ठाण्याला आली. केसरीनाथ कोर्टाच्या व्हरांड्यात तिच्यासाठी थांबला होता. तिने त्याच्याकडे पाणी मागितलं, आणि आणून दिलेलं सगळं पाणी एका दमात प्यायली.

"साहेब, तुमी गुरवारी आला आसता तर?" तिने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तेवढ्यात शिपायाने तिच्या नावाचा पुकारा केला.

पिंजऱ्यात ती सरळ उभी राहिली. तिने जे ऐकलं ते सगळं सांगितलं, शब्दही बदलला नाही. मग बाळारामचे वकील उठले. गोरे, उंच, ठाण्यातले नावाजलेले. त्यांनी तिला फार मवाळपणे विचारलं, "बाई, एक म्हातारी तुमचं नाव घेऊन मदत मागत होती, तुमचा हात कडीवर होता, सासू काही पैलवान नव्हती. खरंच ऐकलं असतं तर तुम्ही दार उघडलं असतं की नाही?"

गोदूने वकिलाकडे पाहिलं. मग बाळारामकडे.

"सासूनं धरला तो हात मना सोरवता आला आसता," ती म्हणाली. "मी सोरवला न्हाय. मना पन त्या आळीतून जायचा होता. चांगल्या जागी. पोरासाठी."

ती इतकं हळू बोलली की लेखनिकाची लेखणी थांबली. न्यायाधीश पुढे वाकले आणि म्हणाले, मोठ्यानं सांगा.

गोदूने पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला आणि मोठ्यानं सांगितलं.